एलियट काउंटीने बाजू कधी बदलली?

निकालप्रेमी : अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत ग्रामीण भागाचे काय झाले हे समजून घ्यायचे असेल, तर मी तुम्हाला एकच जागा सुचवेन. केंटकी राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातली, अ‍ॅपलाशियन डोंगरांच्या पायथ्याची एलियट काउंटी. सँडी हूक हे तिचे मुख्य गाव. सगळ्या काउंटीची लोकसंख्या साडेसात हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. वस्ती जवळजवळ सगळी गोऱ्या लोकांची आणि गरिबीचे प्रमाण देशाच्या सरासरीच्या दुपटीजवळ. 1869 साली ही काउंटी अस्तित्वात आली आणि तेव्हापासून 2012 पर्यंतच्या प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत तिथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवाराला सर्वाधिक मते मिळाली. डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाजूची एवढी लांब आणि अखंड साखळी देशातल्या दुसऱ्या कुठल्याच काउंटीची नव्हती. 1972 मध्ये जॉर्ज मॅकगव्हर्न 49 राज्यांत हरले. केंटकीत तर त्यांची दाणादाण उडाली. एलियटमध्ये मात्र त्यांना सुमारे 65 टक्के मते पडली. आणि याच काउंटीने 2016 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना 70 टक्के मते दिली. दीडशे वर्षांचा बालेकिल्ला एका रात्रीत पडला! असा निकाल नुसता वाचून पुढे कसे जाता येईल?

संशयी : मी पुढे जाणार नाही, पण तुम्ही फार भरभर पुढे गेलात. 2016 मध्ये एलियटमध्ये सगळी मिळून 2,850 च्या आसपास मते पडली. ट्रम्प यांनी केंटकी राज्य जिंकले ते पावणेसहा लाखांच्या आसपासच्या मताधिक्याने. एलियटचे प्रत्येक मत उलट पडले असते तरी राज्याच्या निकालात त्याची नोंदही झाली नसती. शिवाय अध्यक्षाच्या निवडणुकीत काउंटीला घटनेने काही स्थान दिलेले नाही. केंटकीची आठही इलेक्टोरल मते राज्यात जिंकणाऱ्याला जातात. मते गोळा करायची, मोजायची आणि वर कळवायची, इतकेच काउंटीचे काम. देशात अशा तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीत 2020 च्या जनगणनेत 64 माणसे होती आणि लॉस एंजेलिस काउंटीत एक कोटी. नकाशावर दोघींनाही एकेकच रंग मिळतो. 2020 मध्ये ट्रम्प यांनी अडीच हजारांहून अधिक काउंट्या जिंकल्या, बायडन यांनी पाचशेच्या आसपास, आणि तरी बायडन यांना सत्तर लाख मते जास्त होती. तेव्हा ‘काउंटीने मत दिले’ हे बोलण्याच्या सोयीसाठी ठीक आहे. पण काउंटीला मन नसते. मन असते मतदाराला, आणि ते गुप्त मतदानाने तुमच्यापासून झाकून ठेवलेले आहे.

निकालप्रेमी : झाकलेले आहे हे मान्य, पण सगळेच झाकलेले नाही. तुम्ही नकाशाबद्दल बोललात, मला तक्त्याबद्दल बोलू द्या. टक्के बाजूला ठेवा, मतांचे आकडे घ्या. 2004 मध्ये जॉन केरी यांना एलियटमध्ये 2,060 च्या आसपास मते पडली, बुश यांना 870 च्या. 2008 मध्ये बराक ओबामांना सुमारे 1,535 आणि मॅकेन यांना सुमारे 900. 2012 मध्ये ओबामांना 1,190 च्या घरात, रॉम्नी यांना 1,125 च्या. 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांना 740, ट्रम्प यांना दोन हजार. आता पहिल्या दोन ओळींतली वजाबाकी करा. 2004 ते 2008 या चार वर्षांत डेमोक्रॅटिक पक्षाने पाचशेहून अधिक मते गमावली आणि रिपब्लिकन पक्षाने कमावली फक्त तीसेक! म्हणजे गेलेली मते पलीकडे पोचलीच नाहीत. एकूण मतदान 2,950 वरून 2,500 च्या आसपास उतरले. 2012 मध्ये ते आणखी शंभराने घटले. मग 2016 मध्ये एकदम साडेचारशेने चढून जुन्या पातळीजवळ आले, पण दुसऱ्या बाजूने. आता सांगा, बालेकिल्ला कधी पडला? वर्तमानपत्रे 2016 म्हणतात, कारण त्या वर्षी एक आकडा दुसऱ्याच्या वर गेला. पण गळती त्याआधी बारा वर्षे सुरू होती, आणि तिचा पहिला टप्पा पक्ष बदलण्याचा नव्हता. तो घरी बसण्याचा होता.

संशयी : हे मात्र लक्ष द्यावे असे आहे. ‘एका रात्रीत’ हे तुमचेच शब्द तुम्ही मोडून काढलेत, तेही बरे झाले. तरीही तुम्ही जे चित्र उभे करता आहात, की अमुक पाचशे माणसे 2008 ला रुसून घरी बसली, आठ वर्षे बसून राहिली आणि मग उठून ट्रम्प यांना मत देऊन आली, ते या तक्त्यात कुठेही लिहिलेले नाही. तक्त्यात फक्त बेरजा आहेत. बारा वर्षांत माणसे मरतात, तरुण मतदार होतात, कुणी कामासाठी ओहायोला जाते, कुणी परत येते. डेमोक्रॅटिक पक्षाच्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांना 1936 मध्ये पहिले मत दिलेला एकवीस वर्षांचा तरुण 2004 मध्ये 89 वर्षांचा होता. त्या पिढीतले जे उरले होते, ते नेमके याच काळात संपले. त्यांची जागा नातवंडांनी घेतली असेल, आणि नातवंडांना रूझवेल्ट म्हणजे पाठ्यपुस्तकातला धडा. मग एकाही जिवंत माणसाने पक्ष न बदलताही तुमचा तक्ता बराचसा असाच दिसला असता. 1950 साली डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी हाच सापळा दाखवून दिला होता. 1930 च्या जनगणनेत ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे साक्षरताही जास्त दिसत होती. त्यावरून परदेशी लोक अधिक साक्षर असा निष्कर्ष कुणी काढला असता, आणि तो साफ चुकला असता. व्यक्तिगणिक पाहिले तर ते किंचित कमीच साक्षर होते. ते फक्त अधिक साक्षर राज्यांत जाऊन राहत होते. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण भाताच्या वजनावरून एकेका शिताची परीक्षा होत नाही.

आणखी एक. 2004 साली केंटकीत सिनेटची लढत अत्यंत चुरशीची होती. एवढ्याशा काउंटीत एखाद्या चुरशीमुळे दोन-तीनशे लोक अधिक बाहेर पडणे सहज शक्य आहे. तेव्हा 2004 हे वर्ष तुम्ही ‘मूळ पातळी’ म्हणून धरता, तीच कदाचित फुगलेली असेल.

निकालप्रेमी : असेल. पण तुमचा पिढीबदल एका ठिकाणी अडतो. पिढ्या हळूहळू, दरसाल थोड्या थोड्या बदलतात. 2012 ते 2016 या चार वर्षांत रिपब्लिकन मते पावणेनऊशेने वाढली, आधीच्या जवळजवळ ऐंशी टक्क्यांनी. चार वर्षांत तेवढी नातवंडे वयात येत नाहीत. म्हणजे त्या उडीत दोनच गोष्टी असू शकतात : बाजू बदललेले मतदार आणि घरातून बाहेर पडलेले मतदार. डेमोक्रॅटिक मते साडेचारशेने घटली. ती सगळीच्या सगळी पलीकडे गेली असे धरले, तरी आणखी चारशेहून जास्त मतांचा हिशेब लागत नाही. ती माणसे 2012 मध्ये मत द्यायला आली नव्हती, हे मला कुणाच्याही मनात न डोकावता सांगता येते. मी कारण सांगत नाही. कारणांपैकी कोणते खोटे ते सांगतो. निकालाच्या तक्त्याचा खरा उपयोग तोच आहे.

संशयी : मग तीच कसोटी लावू. 2016 नंतर सर्वांत जास्त ऐकलेले कारण होते वंशद्वेष. गोऱ्या डोंगरी लोकांना कृष्णवर्णीय अध्यक्ष सहन झाला नाही आणि त्यांनी सूड उगवला. तुमचा तक्ता याबद्दल काय म्हणतो?

निकालप्रेमी : दोन गोष्टी म्हणतो आणि त्या एकमेकींना टोचतात. जवळजवळ पूर्णपणे गोऱ्या असलेल्या या काउंटीने 2008 मध्ये ओबामांना 61 टक्के मते दिली, आणि 2012 मध्येही त्यांनाच थोडे पुढे ठेवले. ज्या काउंटीला निव्वळ रंग खुपतो ती असे करत नाही. पण केरी यांना त्याच काउंटीने 70 टक्के दिले होते आणि ओबामा उभे राहताच पाचशे मते गळाली, तीही देशभर डेमोक्रॅटिक लाट असताना. शिवाय 2008 च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, केंटकीच्या डेमोक्रॅट मतदारांनी हिलरी क्लिंटन यांना 65 टक्के आणि ओबामांना 30 टक्के मते दिली होती. पूर्वेकडच्या डोंगराळ काउंट्यांत अंतर याहून खूपच मोठे होते. 2012 च्या प्रायमरीत ओबामा विद्यमान अध्यक्ष असूनही राज्यातल्या 42 टक्के डेमोक्रॅटांनी ‘कुणालाच नाही’ या पर्यायावर खूण केली. तेव्हा रंगाचा काहीच संबंध नाही असे म्हणणारा तक्त्याकडे पाठ फिरवून बसला आहे. मात्र रंग हे पूर्ण उत्तर असते, तर 2016 मध्ये क्लिंटन यांना जुनी मते परत मिळायला हवी होती. त्या तर याच डोंगरांच्या लाडक्या उमेदवार होत्या. मिळाले काय? 2008 मध्ये ओबामांना मिळाली होती त्याच्याही निम्म्याच्या जवळपास.

संशयी : त्याला कोळशाचे उत्तर दिले जाते. मार्च 2016 मध्ये ओहायोतल्या एका जाहीर कार्यक्रमात क्लिंटन म्हणून गेल्या की कोळशाच्या कंपन्या आणि खाणकामगार यांचा धंदा आम्ही बंद पाडणार आहोत. पुढे लगेच त्या कामगारांना वाऱ्यावर सोडणार नाही असेही म्हणाल्या, पण ते कुणी ऐकले नाही. शिवाय डिसेंबर 2015 मध्ये जवळच्या अ‍ॅशलंडमधल्या पोलाद कारखान्याची भट्टी थंड पडली होती. पण एलियट ही काही कोळशावर जगणारी काउंटी नाही, हे तुम्हीच सांगाल.

निकालप्रेमी : नाहीच. तिथले नगदी पीक तंबाखू. आणि तंबाखूची गोष्ट मला कोळशाहून अधिक बोलकी वाटते. 1930 च्या दशकात रूझवेल्ट यांच्या न्यू डील धोरणाने तंबाखूला कोटा आणि हमीभाव दिला. कोटा जमिनीला चिकटलेला असे. थोडी जमीन असलेल्या डोंगरी कुटुंबालाही ठरलेला तंबाखू ठरलेल्या भावाच्या आधाराने विकता येई आणि वर्षाअखेरीस रोख पैसा हाती पडे. ही व्यवस्था चालू ठेवायची की नाही यावर उत्पादक शेतकरी दर तीन वर्षांनी स्वतः मतदान करत. म्हणजे वॉशिंग्टनमधले सरकार ही दूरची गोष्ट नव्हती, ते शेताच्या बांधापर्यंत आलेले होते, आणि ते कुणी आणले हे घराघरात माहीत होते. ऑक्टोबर 2004 मध्ये काँग्रेसने कोटा मोडीत काढला. मोबदल्याचे हप्ते दहा वर्षे, 2014 पर्यंत चालले. केंटकीत 2002 मध्ये तंबाखू पिकवणारी सुमारे 29 हजार शेते होती, 2012 मध्ये पाच हजारही उरली नाहीत. आता तारखा बघा. कोटा गेला 2004 ला, मतांची गळती सुरू होते 2008 ला. हप्ते संपले 2014 ला, साखळी तुटते 2016 ला. ज्या धाग्याने डेमोक्रॅटिक पक्ष त्या घरांशी बांधलेला होता तो धागाच कापला गेला.

संशयी : हे सुतावरून स्वर्ग गाठणे झाले! तारखा शेजारी शेजारी मांडल्या की कार्यकारण आपोआप सिद्ध होत नाही, आणि इथे तर त्याविरुद्धचा पुरावा त्याच डोंगरात आहे. केंटकीतलीच जॅक्सन काउंटी घ्या. तीही गरीब, तीही गोरी, तिथेही छोटी डोंगरी शेते आणि तंबाखू, तोच न्यू डील, तोच कोटा. पण यादवी युद्धापासून आजवर जॅक्सन काउंटी अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकनच राहिली. अगदी महामंदीतसुद्धा! का? कारण 1861 मध्ये तिथले लोक उत्तरेच्या, संघराज्याच्या बाजूने उभे राहिले. शेजारच्या ओव्झली काउंटीची कथा तीच, आणि ती तर देशातल्या सर्वांत गरीब काउंट्यांपैकी एक. म्हणजे पोटाचा प्रश्न एक, पीक एक, सरकारी आधार एक, आणि मते दीडशे वर्षे विरुद्ध. तंबाखूच्या कोट्याने जॅक्सनला डेमोक्रॅटिक केले नाही, तर तो गेल्याने एलियट रिपब्लिकन झाली हे मी कसे मान्य करू? एलियटचे मत हेही पणजोबांच्या त्याच युद्धाचे, फक्त दुसऱ्या बाजूचे, मत होते. जमिनीसारखे वारशाने आलेले. त्यामागे कारणे शोधणे म्हणजे आडनावामागे गुण शोधणे.

निकालप्रेमी : तुम्ही माझा धागा कापलात आणि नकळत त्याहून मोठी गोष्ट हाती दिलीत. दीडशे वर्षे जॅक्सन आणि एलियट या सारख्याच काउंट्या विरुद्ध मते देत राहिल्या. 2016 मध्ये पहिल्यांदा दोघींनी एकाच बाजूला मोठे बहुमत दिले. 2020 मध्ये एलियटमध्ये ट्रम्प यांचा वाटा 75 टक्क्यांपर्यंत गेला, 2024 मध्ये आणखी वर चढला. मग मी प्रश्न फिरवून विचारतो. एलियट रिपब्लिकन का झाली हा प्रश्नच अर्धवट आहे. एलियट आणि जॅक्सन यांच्यात फरक राहणे का थांबले, हे विचारायला हवे. जिथे आर्थिक स्थिती, वस्ती, धर्म, शिक्षण सारखे, तिथे मतेही सारखी होऊ लागली. याचा अर्थ वारसा नावाची गोष्टच झिजली. डॅनियल हॉपकिन्स यांचे 2018 मधले पुस्तक नेमके हेच मांडते : अमेरिकी मतदाराचे राजकारण गावातून आणि राज्यातून उठून राष्ट्रीय झाले आहे. स्थानिक वर्तमानपत्रे आटली, केबलच्या वाहिन्या आणि फोनचा पडदा सगळीकडे एकच. सँडी हूकमधला माणूस आणि नेब्रास्कातला माणूस एकाच भांडणाबद्दल रागावतो. त्या भांडणात आपल्या पणजोबांचा पक्ष कुठे उभा आहे हे एलियटला उशिरा कळले, इतकेच.

संशयी : उशिरा कळले म्हणता, म्हणजे आधीची 144 वर्षे त्यांना काही कळत नव्हते असे म्हणता. हा शहरी माणसाचा आवडता गर्व आहे, जरा जपून. त्याचाच दुसरा अवतार म्हणजे ‘हे लोक स्वतःच्या हिताविरुद्ध मत देतात’ हे पालुपद. ओबामांच्या आरोग्य कायद्यानंतर केंटकीच्या डेमोक्रॅटिक गव्हर्नरांनी मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा, विस्तार केला आणि विमा नसलेल्यांचे प्रमाण दोन वर्षांत निम्म्याहून खाली आले. फायदा डोंगराळ काउंट्यांना सर्वाधिक. तरी मते उलटी! म्हणून लोक अडाणी ठरतात. अ‍ॅलेक मॅकगिलिस या पत्रकाराने 2015 मध्येच याचे एक उत्तर दिले होते : ज्यांना मदत मिळते त्यांच्यातले बरेच जण मत द्यायलाच जात नाहीत. जातात ते त्यांच्याहून एक पायरी वरचे, जे काम करतात, कर भरतात आणि शेजारच्या घरात सरकारी मदत येताना पाहतात. तुमच्या तक्त्यात ‘घरी बसलेले’ आहेत ना, ते कोण याचा विचार इथून करायला हवा. मात्र तोही अंदाजच राहील, कारण कोण आले हे मतदार यादी सांगते, कुणाला मत दिले हे सांगत नाही, आणि एलियटइतक्या छोट्या जागी कुठलाही सर्वेक्षणवाला पुरेसे लोक गाठत नाही.

जाता जाता, ‘मतदान इतके टक्के झाले’ असे कुणी एलियटबद्दल सांगितले तर तेही तपासून घ्या. 2005 मध्ये तिथे लिटल सँडी हा सरकारी तुरुंग सुरू झाला. जनगणना कैद्यांना काउंटीचे रहिवासी धरते, मतदान मात्र त्यांना करता येत नाही. 2000 ते 2010 मध्ये काउंटीची लोकसंख्या हजाराहून अधिक वाढलेली दिसते, ती बहुतांशी कुंपणाच्या आतली.

निकालप्रेमी : हे मी मान्य करतो, आणि म्हणूनच आतापर्यंत टक्के सोडून मते मोजली. पण गर्वाचा आरोप मला लागू होत नाही, कारण एलियटला काय कळते याचा सर्वांत चांगला पुरावा 2019 चा आहे. ट्रम्प यांना 70 टक्के मते दिल्यावर तीनच वर्षांनी गव्हर्नरपदाची निवडणूक झाली. ट्रम्प स्वतः आदल्या रात्री लेक्सिंग्टनला प्रचारसभा घेऊन गेले. आणि एलियटमध्ये जिंकले डेमोक्रॅटिक उमेदवार अँडी बशीर! राज्यात ते जेमतेम पाच हजार मतांनी निवडून आले, तेव्हा असल्या छोट्या काउंट्यांची मते या वेळी खरोखर मोलाची होती. त्याच वर्षी मे महिन्यातल्या प्रायमरीत बशीर यांच्याविरुद्ध उभे होते रॉकी अ‍ॅडकिन्स. सँडी हूकचेच, 1987 पासून राज्याच्या कनिष्ठ सभागृहात असलेले, पक्षाचे सभागृहातले नेते. पूर्व केंटकीने त्यांना भरभरून मते दिली, पण ते राज्यात हरले आणि पुढे बशीर यांच्या कारभारात सल्लागार झाले. ज्या मतदाराने वॉशिंग्टनसाठी एक पक्ष आणि राज्याची राजधानी फ्रँकफर्टसाठी दुसरा निवडला, त्याला अडाणी कसे म्हणायचे? आणि तुमच्या त्या वारशालाही हे जुमानत नाही. वारसा असता तर दोन्हीकडे एकच मत पडले असते.

संशयी : की माणूस ओळखीचा होता म्हणून? अ‍ॅडकिन्स यांनी विधिमंडळातली जागा सोडल्यावर फेब्रुवारी 2020 मध्ये पोटनिवडणूक झाली आणि ती जागा रिपब्लिकनांकडे गेली. त्या मतदारसंघात दुसऱ्याही काउंट्या आहेत, तेव्हा ते एलियटच्या माथी मारणार नाही. पण दिशा दिसते. पक्ष टिकून होता तो माणसांच्या आधाराने. आणि इथे मी तुमच्या तक्त्याच्या मुळाशीच बोट ठेवतो. एलियटमध्ये 2016 मध्ये नोंदणीकृत मतदारांत डेमोक्रॅटांचे प्रचंड बहुमत होते. केंटकीत मतदार नोंदणी करताना पक्ष लिहावा लागतो, आणि प्रायमरीत फक्त आपल्या पक्षातच मत देता येते. पक्ष बदलायचा तर आदल्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत बदलावा लागतो. आता काउंटीत निवडून कोण येते ते बघा : जज-एक्झिक्युटिव्ह म्हणजे काउंटीचा मुख्य कारभारी, शेरीफ, क्लर्क, अगदी जेलरसुद्धा. तुरुंगाचा अधिकारी निवडून देणारे केंटकी हे जवळजवळ एकटेच राज्य. रस्त्यावर खडी कुणाच्या दारापर्यंत पडणार, काउंटीची नोकरी कुणाच्या पोराला लागणार हे या माणसांच्या हाती. आणि त्यांची खरी लढत होते मे महिन्यात, डेमोक्रॅटिक प्रायमरीत. नोव्हेंबरमध्ये समोर अनेकदा कुणी नसतेच. अशा ठिकाणी रिपब्लिकन म्हणून नोंदणी करणे म्हणजे जेलर निवडण्याचा हक्क सोडून देणे. मग लोक डेमोक्रॅट राहिले यात रूझवेल्ट किती, यादवी युद्ध किती आणि मे महिन्याची सोय किती? तुम्ही ज्याला बालेकिल्ला म्हणता, तो कदाचित कोर्टहाऊसभोवतीची व्यवस्था होती, आणि अध्यक्षाचे मत त्याच मतपत्रिकेवर ओढीने पडत होते. केंटकीत एका खुणेने सगळ्या पक्षाला मत देण्याची सोय अजून आहे, हे विसरू नका.

निकालप्रेमी : विसरत नाही, उलट तुमच्याविरुद्ध वापरतो. सोयीच्या नोंदणीने अध्यक्षाचे मत ओढले जात असते, तर 2016 मध्ये नोंदणी तीच असताना ते सुटले कसे? लोकांनी जेलरसाठी पक्ष ठेवला आणि अध्यक्षासाठी सोडला. म्हणजे दोन मते वेगळी करण्याची समज त्यांना होतीच, ती आधी वापरायची गरज वाटली नव्हती. ती गरज 2008 पासून वाटू लागली, आणि आधी पाचशे जणांनी अध्यक्षासाठी कुणालाच मत न देऊन ती दाखवली. मी पक्षबदलाचे एक वर्ष सांगायला तयार नाही. तीन पायऱ्या सांगेन. आधी अध्यक्षाच्या निवडणुकीकडे पाठ, मग अध्यक्षासाठी दुसरा पक्ष, आणि सगळ्यांत शेवटी नोंदणी. जुलै 2022 मध्ये केंटकीत रिपब्लिकन नोंदणीने पहिल्यांदा डेमोक्रॅटिक नोंदणीला मागे टाकले. राज्य तिसऱ्या पायरीवर पोचले.

संशयी : राज्य पोचले, एलियटचे वेगळे बघायला हवे. आणि तुमच्या पायऱ्यांत एक अडचण आहे. पायरी म्हटले की माणूस चढतो किंवा उतरतो, तोच माणूस. ते तुम्हाला अजूनही सिद्ध करता आलेले नाही. पहिल्या पायरीवरचे पाचशे आणि दुसऱ्या पायरीवरचे चारशे एकच असतील, किंवा पहिले मेले असतील आणि दुसरे अठरा-वीस वर्षे मतदानाच्या वाटेलाच न गेलेले असतील, ज्यांना ट्रम्प यांनी पहिल्यांदा बाहेर काढले. या दोन शक्यतांतून दोन अगदी वेगळ्या काउंट्या उभ्या राहतात. पहिल्या काउंटीला पक्षाने गमावले, आणि तो तिला परत मिळवू शकतो. दुसरी त्याची कधी नव्हतीच. डेमोक्रॅटिक पक्षाने सँडी हूकमध्ये पुन्हा माणूस पाठवायचा की नाही, हे या फरकावर ठरते.

निकालप्रेमी : 2019 चा निकाल पहिल्या शक्यतेकडे झुकतो.

संशयी : 2019 ला मतदानच मुळात कमी होते. विषम वर्षातल्या निवडणुकीला जे येतात ते जुने, सवयीचे मतदार. ट्रम्प यांनी बाहेर काढलेले त्या दिवशी पुन्हा घरी बसले असतील, तर तुमचा 2019 माझ्याच शक्यतेचा पुरावा ठरतो. एकच आकडा, दोन्हीकडे वळतो.

निकालप्रेमी : मग तो कुठे वळतो हे ठरवायला नोव्हेंबर उपयोगाचा नाही, एवढे तरी आपल्याला मान्य करावे लागेल. काउंटीतल्या पदांसाठी दर चार वर्षांनी मे महिन्यात होणाऱ्या प्रायमऱ्या बघायला हव्यात. शेरीफ आणि जेलर व्हायला निघालेली माणसे कोणत्या पक्षाचे अर्ज भरतात, कारण गावात कोण कुठे आहे हे त्यांच्याइतके नेमके दुसऱ्या कुणाला ठाऊक नसते. ती रिपब्लिकन प्रायमरीत गर्दी करू लागली तर मी म्हणेन की तिसरी पायरीही झाली.

संशयी : मी म्हणेन, सोय बदलली. जे कालपर्यंत एका पक्षात राहून जेलर निवडत होते ते आता दुसऱ्या पक्षात जाऊन निवडतील. श्रद्धा बदलली की नाही हे विचारायला तुम्ही पुन्हा माझ्याकडेच याल, आणि तेव्हाही माझ्याकडे त्या बेरजाच असतील. मात्र अर्ज भरणाऱ्यांची यादी आधी बघा, मते नंतर. यादीत नावे तरी असतात.